बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात एकच दिवस आहे. दहा मिनिटांच्या बोयाना चर्चसाठी वेळ घालवावा, की थेट रिला मठ गाठावा?

बोयानाला जावं. तुम्ही लिहिलंय, "जेमतेम दहा मिनिटं आत सोडतात, मग शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी कशाला तडफडायचं?" हे वाचून आमचे साडूच बोलताहेत असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो.

मुलगी सोफियात मेडिकलला आहे. तिच्याकडे गेलो तेव्हा मेहुणी आणि साडूही बरोबर होते. साडूंची इटली झालेली. इटली करून आलेल्या माणसाला उरलेला युरोप उष्ट्या पंगतीसारखा वाटतो. बोयानाच्या अंगणात मोठमोठी सिकोयाची झाडं आहेत, त्यांच्याखाली आम्ही आमच्या गटाची पाळी येण्याची वाट बघत होतो. मोजक्याच लोकांना एका वेळी आत घेतात. साडू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तिकीट काढा, उभे राहा आणि दहा मिनिटांत बाहेर! अहो, पंढरपूरचं मुखदर्शन बरं की!"

आत गेलो. आधी एकोणिसाव्या शतकात जोडलेला भाग लागतो, मग तेराव्या शतकात 'सेबास्टोक्रेटर' ही मोठी पदवी असलेल्या कालोयान या सरदाराने वाढवलेला, आणि शेवटी सगळ्यांत जुनं, हजारेक वर्षांपूर्वीचं मूळ देऊळ. 'देऊळ'च म्हणतो, कारण आकार आपल्या गावच्या महादेवाच्या देवळाएवढा. भिंतींवरची मुख्य चित्रं 1259ची, आणि ते साल तिथल्या लेखातच आहे. कालोयान हातात चर्चची छोटी प्रतिकृती घेऊन उभा, शेजारी त्याची बायको देसिस्लावा. तिच्या अंगावर भारी वस्त्रं आहेत, पण नजर तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. ठोकळेबाज संतिणीचा चेहरा नाही तो, घरात काहीतरी चाललंय आणि चारचौघांत सांगता येत नाही, अशा बाईचा आहे. समोर तेव्हाचा बल्गेरियाचा राजा कॉन्स्टँटिन आणि राणी इरिना. संत निकोलसच्या चरित्रातल्या प्रसंगांत वादळात सापडलेलं जहाज आहे. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या टेबलावर लसूण आणि मुळे मांडलेत, ते तिथली मार्गदर्शक मुद्दाम दाखवते.

साडू पुटपुटले, "जोत्तोची नक्कल दिसते." जोत्तो म्हणजे इटलीचा जुना नामवंत चित्रकार, आणि 1259 साली तो जन्मायचा होता! मी तिथेच सांगितलं. मार्गदर्शक बाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी आम्हाला गप्प केलं.

खरी गंमत नंतरची. हेच साडू मिलानला लिओनार्दोच्या 'लास्ट सपर'साठी कितीतरी आधी तिकिटं काढून गेले होते. तिथे पंधरा मिनिटं मिळतात. इटलीतल्याच पादुआत जोत्तोने रंगवलेल्या चॅपेलमध्येही साधारण तेवढीच, आणि त्याआधी हवा नियंत्रित केलेल्या खोलीत बसवून ठेवतात. त्याचं यांनी चार वेळा कौतुक सांगितलं, "बघा कशी शिस्त!" म्हणजे इटलीने घड्याळ लावलं की शिस्त आणि बल्गेरियाने लावलं की लूट. कारण दोन्हीकडे एकच आहे: माणसांच्या श्वासातली ओल आणि अंगाची ऊब भिंतीला खाते. बोयानात आतलं तापमान सतरा-अठरा अंशांवर धरून ठेवतात. जतनाच्या कामासाठी हे चर्च अनेक वर्षं बंदच होतं. आता दार उघडतंय हेच पुष्कळ. आणि 1983 साली युनेस्कोने ज्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्या रिला मठाच्या चार वर्षं आधी, 1979 साली, हे चर्च त्या यादीत आलं होतं. हे साडूंना मी रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी लोणचं मागितलं.

बाहेर आलात की लगेच टॅक्सीत बसू नका. अंगणातच बल्गेरियाची राणी एलिओनोरा हिची समाधी आहे, 1917 साली गेली ती. मागे सगळा वितोशा पर्वत उभा आहे. बोयानाच्या धबधब्याकडे जाणारी पायवाट जंगलातून चढत जाते. वाट चांगलीच उभी आहे, बूट हवेतच. वसंतात वरचा बर्फ वितळतो तेव्हा पाण्याला जोर असतो, उन्हाळ्याच्या शेवटी धार बारीक होते. आम्ही दोघं आणि मुलगी वर गेलो, झाडी जिथे उघडते तिथून खाली पसरलेलं सोफिया दिसलं. साडू सँडल घालून आले होते, ते खाली कॉफी पीत बसले आणि आजही सगळ्यांना सांगतात की बोयानात बघण्यासारखं काही नाही.

रिला वाईट आहे असं नाही. मठ भव्य आहे, पण त्यातली चित्रं बहुतेक 1840च्या दशकातली, कारण 1833च्या आगीत जुना मठ जळला. रंग तजेलदार, फोटो झकास येतात. बोयानात आत फोटो काढू देत नाहीत, ते लक्षात ठेवा. गुडघे दुखत असतील किंवा बर्फ पडला असेल तर धबधबा सोडा.

दोन्ही एका दिवसात करणाऱ्या टूर सोफियातून मिळतात. रिला शंभर किलोमीटरच्या वर लांब आहे, दिवस बहुतेक गाडीतच जातो आणि धबधब्याची पायवाट त्यात नसते. सोबत कोणी इटली करून आलेला असेल, तर त्याला त्या टूरमध्ये बसवून द्या.