अमेरिकेतील हायस्कूलच्या स्विमिंग आणि वॉटर पोलो संघांसाठी मुलांची तयारी कशी करून घ्यावी?

तुमची मुलगी सहावीत आणि मुलगा चौथीत आहे, उत्तर कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे परिसरात येऊन तुम्हांला दोन वर्षे झाली आहेत, दोघांनाही बऱ्यापैकी पोहता येते. पण शेजारची मुले सातव्या वर्षापासून पोहण्याच्या क्लबात जातात म्हणून आपल्याला उशीर झाला का, असे तुम्ही विचारले आहे. माझी दोन्ही मुले याच भागातल्या सरकारी हायस्कूलच्या संघात पोहली आणि थोरली मुलगी वॉटर पोलोही (पाण्यात पोहत चेंडू गोलात मारण्याचा सांघिक खेळ) खेळली. त्या अनुभवावरून सांगते की उशीर मुळीच झालेला नाही. वॉटर पोलोसाठी तर तुमची मुलगी अगदी योग्य वयात आहे, कारण या खेळात हायस्कूलमध्ये येईपर्यंत चेंडू हातातही न घेतलेली मुले संघात पुष्कळ असतात.

आधी हंगाम लक्षात घ्या. उत्तर कॅलिफोर्नियात मुले आणि मुली दोघांचाही वॉटर पोलो ऑगस्टपासून शरद ऋतूत चालतो (दक्षिणेत मुलींचा हंगाम हिवाळ्यात असतो), तर पोहण्याचा हंगाम फेब्रुवारी ते मे असा असतो. म्हणजे एकच मूल दोन्ही संघांत राहू शकते आणि बहुतेक प्रशिक्षकांना तेच हवे असते. पोहण्याच्या संघात पुष्कळ शाळा कोणालाच वगळत नाहीत. नवखी मुले ज्युनिअर व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या संघात पोहतात. तरीही नववीत (येथे हायस्कूल तेथूनच सुरू होते) जाताना दोनशे यार्ड न थांबता, श्वास न फुलता पोहता आले पाहिजे, नाहीतर पहिले काही आठवडे फार जड जातात आणि चांगली मुलेसुद्धा संघ सोडून देतात.

येथील शाळांचे तलाव बहुधा २५ यार्डांचे, म्हणजे २३ मीटरहूनही किंचित कमी लांबीचे असतात. शंभर यार्डांत तीन वळणे आणि पाचशे यार्डांत एकोणीस वळणे येतात, त्यामुळे वळण आणि भिंतीला रेटा देऊन पाण्याखाली सरळ ताणलेल्या शरीराने निघणे, यांवर जो वेळ वाचतो तो हात जोरात मारून भरून निघत नाही. क्लबात न गेलेल्या मुलांचे नेमके येथेच अडते. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, अन्यथा पोहणे बाद ठरते. ही सवय आतापासूनच लावा. शालेय स्पर्धेत एका मुलाला जास्तीत जास्त चार प्रकारांत उतरता येते आणि त्यांतले वैयक्तिक दोनच असतात, म्हणून रिलेला फार महत्त्व आहे. उशिरा सुरुवात केलेल्या मुलाला माझा सल्ला असा की पन्नास यार्डांच्या गर्दीत शिरण्यापेक्षा पाचशे यार्ड किंवा बटरफ्लायची तयारी करावी. तेथे उत्सुक मुले कमी असतात आणि प्रशिक्षकाला त्यांची खरी गरज असते.

वॉटर पोलोची तयारी मात्र पायांपासून करावी लागते. खेळाडूला तळाला पाय टेकवता येत नाहीत, आणि गोलरक्षकाखेरीज कोणालाही चेंडू दोन्ही हातांनी धरता येत नाही. सात-सात मिनिटांचे चार डाव खेळताना पाण्यावर उंच राहून एक हात मोकळा ठेवायचा, तर सगळा भार पायांवर येतो. त्यासाठीच्या हालचालीला येथे एगबीटर म्हणतात: खुर्चीवर बसल्यासारख्या मांड्या वर, गुडघे एकमेकांपासून दूर, आणि दोन्ही पाय आळीपाळीने, एकमेकांच्या उलट दिशेने गोल फिरवायचे. दोन्ही पाय एकदम मारले तर शरीर वर-खाली उसळते आणि नेम चुकतो. आधी दोन्ही हात पाण्यात ठेवून, मग खांदे बाहेर काढून, मग हात वर करून, असे एकेक मिनिट वाढवत न्यावे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर त्या दिवशी थांबावे. आपल्याकडे विहिरीत शिकलेली माणसे डोके पाण्यावर ठेवून पोहतात. शर्यतीसाठी ती सवय मोडावी लागते, पण वॉटर पोलोत चेंडू आणि प्रतिस्पर्धी दिसावेत म्हणून डोके वर ठेवूनच पोहतात. त्यामुळे दोन्ही पद्धती मुलांना वेगवेगळ्या शिकवाव्यात.

या खेळात धक्काबुक्की होते, हे मी लपवणार नाही. पाण्याखाली ओढाओढ होते, नखे लागतात (म्हणून सामन्याआधी पंच नखे तपासतात) आणि अनेक मुली दातांना गार्ड लावतात. तरीही मुलींनी तो जरूर खेळावा, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेच्या महिला संघाने लंडन, रिओ आणि टोकियो अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली आणि रिओ आणि टोकियोत त्या संघाची कर्णधार असलेली मॅगी स्टीफन्स आपल्याच बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातल्या) डॅनव्हिलची आहे. आपल्या मुलींना हे उदाहरण दूरचे वाटायचे कारण नाही.

आपल्या घरांत ज्या गोष्टींवर बोलले जात नाही, त्यांवर बोलायलाच हवे. ऊन लागून रंग काळवंडेल, हे मुलीसमोर कोणीही म्हणू नये, आजीनेही नाही. सनस्क्रीन त्वचेच्या आरोग्यासाठी लावावे, गोरेपणासाठी नव्हे. स्पर्धेच्या पोशाखाबद्दल तिला संकोच असेल तर तो तिच्याशी बोलून आधीच दूर करावा. पाळीच्या दिवसांतही पोहता येते. टॅम्पॉन किंवा कप यांची माहिती आईने सहावी-सातवीतच शांतपणे द्यावी, म्हणजे ऐन हंगामात दर महिन्याला सराव बुडत नाही. शाकाहारी मुलीचे हिमोग्लोबिन डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि सरावानंतर लगेच पोटभर खायला द्यावे: पोळीचा रोल, उसळ, दूध, केळे, जे घरात असेल ते.

कागदपत्रांचे काम सोपे आहे: दरवर्षी डॉक्टरांची तपासणी लागते आणि किमान २.० जीपीए (चारपैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी) राखावा लागतो. कॉलेजप्रवेश डोळ्यांसमोर ठेवून मात्र हे सुरू करू नका. मुलांना ते ओझे लगेच जाणवते.

येत्या उन्हाळ्यात दोघांनाही वस्तीतल्या उन्हाळी संघात घाला, कारण तेथे शर्यतीची भीती जाते आणि खर्चही क्लबापेक्षा पुष्कळ कमी येतो. सप्टेंबरपासून मुलीला बारा किंवा चौदा वर्षांखालील गटाच्या वॉटर पोलो क्लबात आठवड्यातून दोनदा पाठवा. मुलाला अजून दोन वर्षे फक्त चारही स्ट्रोक नीट शिकू द्या, आणि त्याला हवे असेल तर स्प्लॅशबॉल, म्हणजे लहान मुलांसाठी असलेला सोपा वॉटर पोलो, खेळू द्या.