अमेरिकस, जॉर्जिया: छोट्या गावातला बाजार आणि माणसं

तुमचा प्रश्न वाचला. नवऱ्याला अमेरिकसच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आहे, न्यू जर्सी सोडून जॉर्जियाच्या नैऋत्य भागात यायचंय, सोबत दोन शाळकरी मुलं. सामान मिळेल का, माणसं सामावून घेतील का, करमेल का, असं तुम्ही विचारलंय. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी 'वॉलमार्ट आहे, ॲमेझॉन घरपोच येतं, काळजी नको' असं लिहिलंय. ते खोटं नाही, पण तेवढ्यावरच संसार चालवलात तर दोन वर्षांनीही गावात तुम्हाला कोणी ओळखणार नाही. मी त्याच भागातल्या एका गावात बरीच वर्षं फार्मसिस्ट आहे. काउंटरच्या आतून जे दिसतं ते लिहिते.

इथे खरेदी आणि ओळख ही दोन वेगळी कामं नाहीत. आमच्याकडे येणारा माणूस गोळ्या मागण्याआधी आईची तब्येत, न पडलेला पाऊस आणि नातवाचा सामना, एवढं सगळं सांगतो. मागे रांग असली तरी सांगतो, आणि रांगेतला माणूस घड्याळ बघण्याऐवजी त्यात स्वतःची भर घालतो. थेट कामाचं बोललात तरी काम होतं, पण तुम्ही तुटक आहात असं मत बनतं, आणि ते तुमच्या तोंडावर कोणी बोलत नाही. मुलांना 'येस मॅम', 'नो सर' म्हणायला आत्तापासून शिकवा. पुण्यामुंबईच्या मुलांना ते लष्करी वाटतं, इथे ते साधं वळण समजलं जातं. वयस्क बाईला नावाआधी 'मिस' लावून हाक मारायची, मग तिचं लग्न झालेलं असो वा नसो.

हार्डवेअरचं दुकान, बी-खत-पशुखाद्याचं दुकान, टायरवाला, औषधवाला यांच्याकडे अजून खातं चालतं. नाव सांगायचं, माल उचलायचा, महिनाअखेरीस बिल घरी. पहिल्या दिवशी कोणी देणार नाही, पण पाच-सहा वेळा आलात की दुकानदार स्वतःच विचारेल. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे माहिती. नळवाला, छपरावर चढणारा, झाड पाडणारा या लोकांची वेबसाइट नसते. हार्डवेअरच्या काउंटरवर विचारायचं, तिथला माणूस फोन लावतो आणि दुपारी कोणीतरी ट्रक घेऊन दारात उभा राहतो. काम झाल्यावर 'किती द्यायचे' विचारलंत तर काही जण 'तुम्हाला योग्य वाटेल ते' म्हणतात. तिथे लाजू नका, आकडा काढून घ्या, नाहीतर दोघंही अवघडून राहाल. आणि पुढच्या वेळी त्याच दुकानात खिळे चार पैसे महाग असले तरी तिथूनच घ्या. इथे सगळ्यांना सगळं दिसतं.

किराण्याचं सांगते. अमेरिकस सोळा हजारांच्या आसपास वस्तीचं काऊंटीचं मुख्य गाव आहे, तिथे मोठी दुकानं आहेत. त्याहून लहान गावांत बहुधा डॉलर जनरलच असतं. ही साखळी केंटकीतल्या एका बापलेकाच्या घाऊक धंद्यातून निघाली. १९५५ साली पहिलं दुकान उघडलं तेव्हा एकाही वस्तूची किंमत एका डॉलरच्या वर नव्हती. आता देशभरात २०,००० च्या वर दुकानं आहेत. जिथे वॉलमार्टला परवडत नाही तिथे ही पोचतात हे खरं, पण भाजीपाला तिथे बेताचाच, आणि ती आल्यावर गावातला जुना वाणी कसाबसा तग धरतो. मी तिथे साबण आणि कागदी रुमाल घेते, टोमॅटो घेत नाही. कराचंही एक सांगून ठेवते: जॉर्जियात घरी शिजवायच्या अन्नावर राज्याचा ४ टक्के कर नाही, स्थानिक कर मात्र लागतो, त्यामुळे पावती बघून गोंधळू नका.

भाजी रस्त्याकडेला घ्यायची. जून ते ऑगस्ट शेतकरी ट्रकचा मागचा भाग उघडून बसतात. मका, टोमॅटो, कलिंगड आणि भेंडी! भेंडी इथली घरचीच भाजी आहे, मक्याच्या पिठात घोळवून तळतात. आपल्याला हवी तशी कोवळी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. काही ठिकाणी विकणारा नसतोच. टेबलावर माल, शेजारी पैशांचा डबा, भाव पुठ्ठ्यावर लिहिलेला. सुटे पैसे गाडीत ठेवत जा. ज्यांना इथे 'फील्ड पीज' म्हणतात ती आपली चवळीच. ओल्या शेंगा पाटी-पाटीने विकतात, थोडे जास्त पैसे दिले तर यंत्रावर सोलूनही देतात. कांदा-खोबऱ्याची उसळ करून शेजारी दिलीत तर चव अनोळखी वाटणार नाही. १ जानेवारीला तर घरोघर चवळी आणि कॉलर्डचा पाला शिजतो, वर्षभर पैसा टिकावा म्हणून.

आणि भुईमूग. अमेरिकेतला जवळजवळ निम्मा भुईमूग जॉर्जियात पिकतो आणि तुम्ही त्या पट्ट्यातच येताय. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वेल उपटून, उलटे करून शेतातच वाळवतात आणि मग यंत्राने शेंगा तोडतात. त्या दिवसांत हवेत इतकी धूळ असते की आमच्याकडे ॲलर्जीच्या गोळ्या पुरत नाहीत. पण याच सुमारास पेट्रोल पंपांवर, रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यांत मीठ घालून उकडलेल्या ओल्या शेंगा मिळतात. उत्तरेकडचे अमेरिकन त्या बघून नाक मुरडतात. आपल्याला कोणी समजावून सांगायला लागत नाही. त्यानंतर पेकानचा, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचा हंगाम. परसात एखादं झाड असतंच, लोक पडलेली फळं वेचून पिशव्या भरतात आणि पौंडावर विकतात. फोडून देणारे वेगळे असतात, त्यांची मजुरीही पौंडावरच.

बाहेर जेवायचं तर 'मीट अँड थ्री', म्हणजे एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या. मॅकरोनी-चीज भाज्यांच्या यादीत असतं, त्यावर वाद घालू नये. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय म्हणून सावध करते: घेवडा, पाला, चवळी हे सगळं बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा टाकून शिजवलेलं असतं. 'मांस आहे का' विचारलं तर वाढणारी बाई मनापासून 'नाही' म्हणेल, कारण तिच्या लेखी तो मसाला. 'पोर्क घालून शिजवलंय का' असं थेट विचारा.

आठवडा चर्चवर चालतो. ओळख झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात 'तुमचं चर्च कोणतं' हा प्रश्न येईल. त्यात चौकशी असते तशी काळजीही असते, तुम्हाला कोणी आहे की नाही याची. सरळ सांगा, आम्ही हिंदू, आमचं देऊळ अटलांटाकडे. तरीही आमंत्रण येईलच. जेवणाच्या आमंत्रणाला जायला हरकत नाही, मी जाते. बुधवारी संध्याकाळी चर्चचे कार्यक्रम असतात म्हणून त्या वेळी गावात दुसरं काही ठरवत नाहीत. रविवारी बारानंतर उपाहारगृहांत जागा मिळत नाही, आणि गावातली बरीचशी घरगुती दुकानं दिवसभर बंद.

कोणी गेलं तर मात्र मागे राहू नका. समोरून अंत्ययात्रेच्या गाड्या येताना दिसल्या की उलट दिशेच्या गाड्यासुद्धा कडेला थांबतात, तुम्हीही थांबा. मृताला ओळखत नसलात तरी चालतं, त्याच्या मुलीकडे तुम्ही बँकेत खातं उघडलंय एवढं पुरतं. अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी भेटीची वेळ असते, रांगेत उभं राहायचं, हात हातात घ्यायचा, वहीत नाव लिहायचं. घरी अन्न पोचवायचं. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहायला विसरू नका, कारण ते भांडं आठ-पंधरा दिवसांनी धुऊन परत येतं, आणि ते परत करायला येणारी व्यक्ती अर्धा तास बसते. माझ्या इथल्या चांगल्या मैत्रिणी अशा भांड्यांमुळेच झाल्या.

आता जे कोणी लिहिलेलं नाही ते. हा ओळखीचा बाजार गोड आहे तसाच कठोरही होऊ शकतो, आणि याच गावात तो झालेला आहे. अमेरिकसजवळ १९४२ साली क्लॅरेन्स जॉर्डन आणि त्याच्या सोबत्यांनी कोइनोनिया नावाची शेती सुरू केली. काळे-गोरे एकत्र राहणार, एकत्र जेवणार. १९५६ पासून गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. बी, खत, इंधन, विमा, काहीच मिळेना, आणि त्यांचं रस्त्याकडेचं विक्रीचं दुकान बॉम्बने उडवलं. मग त्यांनी पेकान टपालाने देशभर विकायला सुरुवात केली, त्यावर शेती तगली आणि तो धंदा आजही चालू आहे. जो माणूस नावावर उधार देतो तोच नाव बघून नाही म्हणू शकतो, हे इथल्या काळ्या कुटुंबांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक आहे. पुढे त्याच शेतीतल्या कल्पनेतून १९७६ साली मिलर्ड आणि लिंडा फुलर यांनी अमेरिकसमध्ये हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही गरजूंसाठी जगभर घरं बांधणारी संस्था उभी केली. तिच्यामुळे परदेशी माणूस या गावाला अगदीच नवा नाही.

ती जुनी रेघ अजून दिसते. काळ्यांची आणि गोऱ्यांची चर्चं बहुतेक वेगळी आहेत, न्हाव्याची दुकानं वेगळी, अंत्यविधी करणाऱ्या संस्थाही. शाळांचं तर विचारूच नका. या पट्ट्यातल्या बऱ्याच खासगी शाळा १९६०-७० च्या सुमारास, सरकारी शाळांत काळी-गोरी मुलं एकत्र बसू लागली तेव्हाच निघाल्या. नवीन डॉक्टर कुटुंबाला लोक आपण होऊन खासगी शाळेचं नाव सुचवतात. दोन्ही शाळा स्वतः आत जाऊन बघा, शिक्षकांशी बोला, मग ठरवा. औषधाच्या काउंटरवर सगळेच येतात, म्हणून मला दोन्ही बाजू माहीत झाल्या. तुम्हाला त्यासाठी मुद्दाम हातपाय हलवावे लागतील. भाजीवाला, न्हावी, पार्टीसाठी घ्यायचा हॉल, कुठलं तरी एक ठिकाण रेघेपलीकडचं निवडा.

'आपलं कोण' या प्रश्नावर एक गंमत. शेजारचं प्लेन्स हे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं गाव, वस्ती जेमतेम सहाशे. त्यांची आई लिलियन वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून भारतात गेल्या आणि त्यांनी काम केलं ते आपल्या विक्रोळीत, नर्स म्हणून. त्यामुळे तुम्ही मुंबईचं नाव काढलंत की इथल्या एखाद्या आजीबाई 'मिस लिलियन तिथेच होत्या ना?' असं विचारू शकतात. प्लेन्सच्या मुख्य रस्त्यावर शेंगदाण्याचं आइस्क्रीम मिळतं, मुलांना नक्की न्या.

आपल्या सामानासाठी अटलांटा, सुमारे १३५ मैल. डिकेटरच्या पटेल प्लाझात डाळी, पिठं, गोडा मसाल्यापर्यंत सगळं मिळतं. गाडीत बर्फाची पेटी ठेवा. महाराष्ट्र मंडळही तिकडेच, गणपतीला जाता येतं. चिलटांबद्दल कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते: उन्हाळ्यात डोळ्यांपुढे सतत नाचतात, इथले लोक बोलता बोलता ओठांच्या कोपऱ्यातून फुंकर मारून उडवतात. तुम्हालाही जमेल.

घर बघायला शुक्रवारी या, शक्यतो सप्टेंबरात. दुपारी कोर्टहाऊसच्या आसपास जेवा, संध्याकाळी हायस्कूलच्या फुटबॉल सामन्याला जा. खेळ कळला नाही तरी चालेल. कुंपणावर कोणकोणत्या दुकानांच्या पाट्या लावल्यात ते वाचा, तीच तुमची दुकानांची यादी. पहिलं वर्ष घर भाड्यानेच घ्या. आणि कढीपत्त्याचं रोप हवं असेल तर मला निरोप टाका, माझ्याकडे कुंडीत दोन पिल्लं आली आहेत. थंडीत दहिवर पडायच्या आत ती घरात घ्यावी लागतात, एवढंच.