हातात धरायची दुर्बीण: २०×८०चा मोह सोडा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ठाण्यात गच्ची आहे, अधूनमधून राजापूरजवळच्या गावी जाणं होतं, बजेट पंधरा हजारांपर्यंत, तुम्हाला चष्मा आहे आणि घरात दहा वर्षांचा मुलगा आहे. १०×५०, २०×८० आणि १०-३०×६०ची झूम यांपैकी काय घ्यावं? (पहिला आकडा वर्धन, म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीत.)

१०×५० घ्या. झूम डोक्यातून काढूनच टाका. स्वस्त झूममध्ये दोन्ही नळ्यांचं वर्धन नेमकं सारखं राहत नाही, दृश्य आधीच अरुंद असतं आणि मोठ्या आकड्यावर चित्र काळवंडतं. लाल चकाकीची भिंगं आणि 'नाइट व्हिजन' असं छापलेला खोका दिसला तर पुढच्या दुकानात जा.

२०×८० वाईट नाही, पण ती हातात धरायची वस्तूच नव्हे. वजन दोन किलोच्या वर. हाताचा कंप वीसपट मोठा होऊन दिसतो, त्यामुळे तारा ठिपका न राहता रेघोट्या मारत सुटतो. त्यात दिसणारा आकाशाचा तुकडा जेमतेम साडेतीन अंशांचा, म्हणजे आपण कुठे बघतोय हेच नवख्याला उमगत नाही. १०×५०मध्ये साधारण साडेसहा अंश मिळतात. (खोक्यावर '१००० मीटरवर ११४ मीटर' असं लिहिलेलं असेल तर ११४ला साडेसतराने भागा, अंश मिळतील.) २०×८०ला दणकट ट्रायपॉड लागतो, आणि ट्रायपॉडवर लावलेल्या दुर्बिणीने डोक्यावरचं आकाश बघायचं म्हणजे मानेचे हाल. १५×७० हा मधला पर्याय. काही जण ती थोडा वेळ हातात धरतात, पण तिचंही वजन १.४ किलोच्या आसपास असतं आणि पाच मिनिटांत दंड भरून येतात. दहापट ही हाताची व्यवहारी मर्यादा समजा.

आकाशासाठी वर्धनापेक्षा महत्त्वाचा असतो प्रकाश. अंधारात डोळ्याची बाहुली तरुणपणी ७ मिमीपर्यंत उघडते. ५० मिमीचं भिंग त्याच्या पन्नासपट प्रकाश गोळा करतं. हा प्रकाश मागून जेवढ्या जाडीच्या झोतात बाहेर पडतो, ती जाडी काढणं सोपं आहे: भिंगाचा व्यास भागिले वर्धन. १०×५०ला ५ मिमी, ७×५०ला सुमारे ७. पन्नाशीकडे झुकलेल्या बऱ्याच लोकांची बाहुली पाचाच्या आसपासच उघडते. मग ७×५०चा कडेचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो, आणि पैसे ५०चे देऊन तुम्ही ३५ मिमीची दुर्बीण वापरता. शिवाय ठाण्याच्या उजळ आकाशात ७×५०मधली पार्श्वभूमी राखाडी दिसते, १०×५०मध्ये ती जरा काळी पडते. हात फारच थरथरत असतील तर ८×४२ घ्यायला माझी हरकत नाही.

चष्म्याचं म्हणाल, तर आधी तुमचा नंबर कसला आहे ते बघा. नुसता उणे किंवा अधिक नंबर असेल तर चष्मा काढूनच बघा, फोकस तो फरक भरून काढतो. नंबर मोठा असेल तर अनंतावर फोकस बसतोय ना, हे दुकानात तपासा. सिलिंडरचा नंबर बऱ्यापैकी असेल तर मात्र चष्मा ठेवावाच लागतो, आणि मग 'आय रिलीफ' (मागच्या भिंगापासून डोळा जितका लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) किमान १५ मिमी हवा. निकॉनची अ‍ॅक्युलॉन १०×५० चांगली आहे, पण तिचा आय रिलीफ १२ मिमीच्या आत आहे. चष्म्यातून बघताना कडा कापल्या जातात. त्याच कंपनीच्या अ‍ॅक्शन ईएक्समध्ये तो १७च्या आसपास आहे, मात्र ती जड आणि महाग. दर सतत बदलतात, ते तुम्हीच बघून घ्या.

मुलाबद्दल एक अडचण कुणी सांगत नाही. बहुतेक दुर्बिणी डोळ्यांमधल्या ५६ मिमी अंतराच्या खाली मिटत नाहीत, आणि दहा वर्षांच्या मुलाचं अंतर त्याहून कमी असू शकतं. मग त्याला एकाच नळीतून दिसतं आणि तो कंटाळून पळतो. दुकानात त्याला सोबत घेऊन जा. आणि दिवसा दुर्बीण त्याच्या हाती एकट्याने द्यायची नाही. एक क्षणभर सूर्य दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

दुकानात मी काय बघतो? दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखतो आणि आयपीसमधली (डोळ्याकडच्या भिंगातली) तेजस्वी चकती न्याहाळतो. ती पूर्ण गोल असेल तर प्रिझम बहुधा बॅक-४ या चांगल्या काचेचे आहेत. कडा करड्या होऊन चकती चौकोनाकडे झुकलेली असेल तर बीके-७ ही स्वस्तातली काच. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब हिरवट-जांभळं दिसावं, पांढरंफेक दिसलं तर लेपनात काटकसर झाली आहे. आकाशासाठी या किमतीत वाकड्या बांध्याची पोरो प्रिझमचीच घ्या. सरळ नळ्यांच्या रूफ प्रिझमला तितकं चांगलं चित्र द्यायला खर्च जास्त येतो. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत एका ठळक ताऱ्यावर चाचणी घ्या. एका बाजूचा तारा मुद्दाम धूसर करा. दुसऱ्या बाजूचा टोकदार ठिपका त्या धूसर चकतीच्या मध्याजवळ पडला तर दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत. बराच वर-खाली सरकलेला असेल तर परत पाठवा, नाहीतर अर्ध्या तासात डोकं चढेल.

आता वापर, कारण चांगली दुर्बीण घेऊनही लोक इथेच नाउमेद होतात. फोकस आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्यासाठी लावायचा, मग डावा मिटून उजव्या आयपीसची कडी फिरवायची. कडीच्या त्या जागेवर खूण करून ठेवा, पुढे फक्त मधलं चाक. धरताना हात मागे, आयपीसजवळ ठेवू नका. पुढे भिंगांच्या बाजूला न्या, कोपरं छातीला टेकवा. उभं राहून बघणं हा सगळ्यात वाईट प्रकार. गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकवा, हातांच्या खुर्चीत रेलून बसा, किंवा सरळ चटईवर उताणे पडा. जुनी कापडी आरामखुर्ची घरात असेल तर ती आकाशदर्शनासाठीच बनवली आहे असं समजा. एखादा लांब दांड्याचा झाडू उलटा करून दुर्बिणीखाली टेकवला तरी कंप निम्म्यावर येतो. शेजारी हसतात, हसू देत. टेकून धरलेल्या १०×५०मध्ये जे तारे दिसतात, त्यातले कितीतरी नुसत्या हातात धरल्यावर गायब होतात.

आणि दुर्बीण डोळ्याला लावून आकाशभर हिंडत शोधू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी जागा पकडा, नजर तिथेच खिळवून ठेवा आणि दुर्बीण मधे आणा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणाचा फोन आला की सगळं मुसळ केरात.

ठाण्यातून पावसाळ्यानंतर कृत्तिका बघा. मात्र त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास नको, त्या सुमारास चंद्रच कृत्तिकांजवळ असतो आणि त्याच्या उजेडात त्या धुऊन निघतात. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या दक्षिणेला तीन मंद तारे ओळीत आहेत, त्यातल्या मधल्यापाशी धुरकट ठिपका दिसेल, तो मृगातला तेजोमेघ. पुष्य नक्षत्र शहरातून डोळ्यांना दिसतच नाही. पुनर्वसूचे दोन तारे आणि मघा यांच्या साधारण मध्यावर दुर्बीण लावा, अख्खा तारकागुच्छ उमटेल. गुरूचे चारही मोठे चंद्र दिसतात, पण टेकून बघितलं तरच, आणि त्यातला एखादा गुरूमागे लपलेलाही असतो. शनीची कडी या वर्धनात सुटी दिसत नाहीत. मुलाला आधीच सांगून ठेवा. चंद्र अष्टमीच्या सुमारास बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट दिसतो.

गावचं आकाश मात्र वेगळंच काम करेल. मेच्या मध्यात अमावास्येच्या आसपास गेलात तर रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा बरोबर दक्षिणेला येते. तिच्याखाली सरळ उतरा, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या साडेतीन मुठी. तिथे एक मोठा, गोल, कापसासारखा डाग आहे: नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी, लाखो ताऱ्यांचा गोल गुच्छ. राजापुराहून तो क्षितिजावर २६ अंश चढतो. इंग्लंडहून तो दिसतच नाही, न्यूयॉर्कहून जेमतेम क्षितिजाला चिकटून येतो, त्यामुळे तिकडच्या याद्या वाचून यादी केलीत तर नेमका हाच सुटतो. आणखी रात्र होऊ द्या, वृश्चिकाची शेपटी वर आली की तिच्या नांगीजवळचे एम ६ आणि एम ७ हे दोन गुच्छ एकाच दृश्यात मावतात. नांगीकडून धनूकडे आडवे पडून नुसते हिंडत राहा, तिथे नकाशाची गरज नाही.

शेवटचं, कोकणाचं नाव काढलंत म्हणून. पावसाळ्यात दुर्बीण चामडी पाऊचमध्ये कपाटात ठेवलीत तर भिंगांवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा. दवात बघून आल्यावर भिंगं लगेच पुसू नका, आधी वाळू द्या, मगच झाकणं लावा. आत बुरशीचे धागे दिसले तर दुरुस्तीला द्या, स्वतः स्क्रू काढू नका. प्रिझम हलले की दोन्ही नळ्या पुन्हा एका रेषेत आणणं घरी जमत नाही.