लूज लिहिताना ओ एक की दोन?

प्रश्न असा आलाय की ‘वेट लूज करणे’ यातल्या लूजला ओ एक की दोन, आणि दोन्ही स्पेलिंगं क्रियापदंच आहेत का.

एकच ओ. एल-ओ-एस-ई हे क्रियापद, उच्चार लूझ, अर्थ गमावणे, हरवणे, हरणे, कमी होणे. मराठीत किल्ली हरवते, मॅच हरतो आणि नोकरी गमावतो, इंग्रजी तिन्ही ठिकाणी हेच एक क्रियापद वापरून मोकळं होतं. भूतकाळ लॉस्ट, नाम लॉस.

दोन ओ वालं मुख्यतः विशेषण, आणि उच्चार लूस, शेवटी स्वच्छ स, गूस म्हणजे हंस त्याच्यासारखा. अर्थ सैल, ढिला, सुटा. पँट लूस, स्क्रू लूस, किराणा दुकानातलं लूस तेल. आपण मात्र सगळीकडे लूजच म्हणतो, लूज मोशनपासून लूज टॉकपर्यंत, त्यामुळे कानाला फरक कळतच नाही आणि खरा घोळ तिथेच होतो, स्पेलिंगमध्ये नाही. त्यात भर म्हणजे चूझ, म्हणजे निवडणे, त्याला दोन ओ असून शेवटी झ! म्हणजे यमक लूझशी आणि स्पेलिंग लूससारखं, आता यात शिकणाऱ्याने करायचं काय.

दोन ओ वालं क्रियापद म्हणूनही येतं बरं का, पण क्वचित, आणि अर्थ सोडणे, मोकळं करणे, जसं धनुष्यातून बाण सोडणे. म्हणून जिमच्या बोर्डावर ‘लूज वेट’ दोन ओ लावून लिहिलं की वाचणाऱ्याला वाटावं वजन मोकाट सोडायचंय :) नाम म्हणून ते ‘ऑन द लूस’ मध्ये दिसतं, गावात बिबट्या मोकाट फिरत असला की इंग्रजी पेपरात हेच छापतात. आणि नुसतं सैल करायचं असेल, टाय किंवा नटबोल्ट, तर त्याला वेगळं क्रियापद आहे, लूसन.

गंमत म्हणजे मुळात दोघं नातेवाईकच. सैल वालं जुन्या नॉर्सकडून, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेकडून आलंय, हरवणे वालं जुन्या इंग्रजीतलं, पण भाषाशास्त्रज्ञ दोन्ही एकाच धातूला नेऊन जोडतात, संस्कृतमधलं लुनाति, म्हणजे कापतो, तेही त्याच कुळातलं. होमलेस, केअरलेस मधला लेस पण याच घरचा, त्याचा ‘कमी’ वाल्या लेसशी काही संबंध नाही, स्पेलिंग तंतोतंत तेच असलं तरी.