आधी बोटं, मग बाकी सगळं

प्रिय पोरी,

तुझा तो लांबलचक मेसेज रात्री वाचला. फोन नाही केला, कारण फोनवर तू "हो बाई, बरोबर बाई" करत राहतेस आणि मुद्दा तसाच राहतो. म्हणून लिहितेय, नीट बसून वाच.

तुझं म्हणणं असं की वर्गात आता नुसती अंध मुलं फारशी येतच नाहीत, ती आपापल्या गावच्या शाळेत जातात आणि आपल्याकडे येतात ती अंध आणि सेरेब्रल पाल्सी असलेली, म्हणजे स्नायूंवर ताबा नसलेली, अंध आणि ऐकू न येणारी, अंध आणि समजायला वेळ लागणारी. ट्रस्टी म्हणतात टॅब घेऊ, फोन सगळं वाचून दाखवतो, ब्रेल आता कोणाला हवंय. आणि तुझा तो आठ वर्षांचा मुलगा, ज्याला अजून एकही ठिपका ओळखता येत नाही, त्याच्यावर अख्खं वर्ष घालवणं चूक आहे का, आणि त्यापेक्षा टॅबच्या योजनेची को-ऑर्डिनेटर होऊ का.

चूक नाही. आणि को-ऑर्डिनेटर इतक्यात नको. आधी बोटं, मग बाकी सगळं. कोर्सला असताना हेच सांगितलं होतं, परत सांगतेय.

तू अमेरिकेतल्या पर्किन्स ह्या अंधांच्या शाळेचे व्हिडिओ बघतेस आणि हिरमुसतेस, मला माहितीय. वॉटरटाउनचा तो कॅम्पस, तो टॉवर, मुलांना हात लावून बघायला ठेवलेला १८३७ सालचा प्रचंड लाकडी पृथ्वीगोल, आणि आपल्याकडे गळका स्टोअररूम. पण अगं ती शाळा सुरू कशी झाली ते बघ ना. १८२९ ला बोस्टनमध्ये कागदावर संस्था झाली आणि वर्ग भरला १८३२ ला, सॅम्युअल हाऊ नावाच्या डॉक्टरच्या वडिलांच्या घरात, मूठभर मुलांना घेऊन. १८३७ ला लॉरा ब्रिजमन आली, सात वर्षांची, दोन वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हरमध्ये डोळे आणि कान दोन्ही गेलेली. हाऊकडे तिच्यासाठी काय होतं? चमचा, किल्ली, आणि त्यांच्यावर चिकटवलेल्या उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या. बस. लॉरा आधी नुसत्या चिठ्ठ्या जुळवत होती, अर्थ काही कळत नव्हता, आणि तरी ते चालू ठेवलं. मग एक दिवस तिला उमगलं की ही चिठ्ठी म्हणजे त्या वस्तूचं नाव आहे.

पुढे अॅनी सुलिव्हन त्याच शाळेत १८८० ला आली, गरिबांच्या आश्रमातून, स्वतःला धड दिसत नसलेली. तळहातावर बोटांनी अक्षरं काढायची ती तिथेच राहणाऱ्या लॉराकडून शिकली आणि १८८७ च्या मार्चमध्ये हेलन केलर ह्या अंध आणि बहिऱ्या मुलीच्या घरी गेली. हातावर पाणी पडताना हेलनला शब्द उमगला ती पाण्याच्या पंपाची गोष्ट सगळे सांगतात, भाषणात सांगतात, पोस्टरवर लावतात. त्याआधीचा महिना कोणी सांगत नाही. महिनाभर ती बाई त्या मुलीच्या तळहातावर अक्षरं काढत होती आणि मुलीला त्याचा अर्थ लागत नव्हता. तुझा मुलगा आत्ता त्या महिन्यात आहे. त्याचा महिना कदाचित दोन वर्षांचा असेल, असू दे.

आणि हेही ऐक, कारण ट्रस्टींना हेच सांगायचंय. इतका मोठा माणूस हाऊ, पण त्याचा हट्ट होता की अंध मुलांनी डोळस लोकांचीच अक्षरं वाचायची, फक्त उठावाची. का, तर शिक्षकांना आणि घरच्यांनाही ती वाचता येतात. पुस्तकं छापली, दिसायला सुंदर, पण बोटांना ती अक्षरं लवकर लागत नाहीत आणि स्वतःला लिहिता तर येतच नाहीत. लुई ब्रेलने १८२४ ला, पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांत काम केलं होतं, कारण तो स्वतः अंध विद्यार्थी होता आणि बोटांना काय जमतं ते त्याला माहीत होतं. तरी हाऊच्या हयातीत पर्किन्समध्ये उठावाची अक्षरंच चालली. आणि शेवटी त्याच शाळेतल्या डेव्हिड अब्राहम नावाच्या सुतारकामाच्या मास्तरांनी तो ब्रेलर, म्हणजे ब्रेल टाइप करायचं यंत्र, बनवला, १९५१ पासून बाहेर पडला, तुझ्या वर्गातल्या कपाटात आहे तोच. त्याच साली आपल्याकडे भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीचं ब्रेल, ठरलं. म्हणून म्हणते, टॅब आणताना पहिला प्रश्न विचार की सोय कोणाची होतेय. मुलाची, की ब्रेल येत नसलेल्या आपल्या शिक्षकांची?

मी फोनच्या विरोधात नाही, उगीच तसं पसरवू नकोस. फोन द्या, पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर शिकवा, सगळं शिकवा. पण आधी बोटं. "दिन" आणि "दीन" फोन एकाच सुरात म्हणतो. ब्रेलमध्ये ऱ्हस्व इ म्हणजे २ आणि ४ नंबरचे ठिपके, दीर्घ ई म्हणजे ३ आणि ५, बोट चुकूच शकत नाही. जोडाक्षर आलं की आधी ४ नंबरचा ठिपका येतो, मग अक्षर, म्हणजे शब्द कुठे जोडलाय ते हाताला कळतं. नुसतं ऐकून दहावी झालेली मुलं मी बघितलीत, हुशार, बोलायला बसली की ऐकत राहावं, आणि अर्जाच्या चार ओळी शुद्ध लिहिता येत नाहीत. लेखनिकाने पेपर लिहिला, मार्क मिळाले, पुढे काय? डोळस मुलाला कोणी म्हणतं का की ऑडिओबुक आहेत, तुला वाचायला लिहायला शिकवत नाही? मग ह्यांनाच का.

माझ्याबद्दल लोक बोलायचे. पालक तक्रार करायचे की बाई कॅसेट देत नाहीत, ब्रेलची पाटी आणि ठिपके टोचायचा स्टायलसच धरायला लावतात, मुलाची बोटं दुखतात. मीटिंगमध्ये जुनाट म्हणाले. म्हणू देत. चौथीपर्यंत पाटी म्हणजे पाटी, मी हलले नाही, आणि आज विचारलं तरी हेच करेन. माझ्या वर्गातली एक मुलगी आज सरकारी ऑफिसात आहे, मीटिंगमध्ये टिपणं ब्रेलमध्ये काढते आणि समोरचा बोलत असताना तिचे दोन्ही कान मोकळे असतात. मला अजून कुणाला काही पटवून द्यायची गरज वाटत नाही, तरी देतेय बघ.

आता तुझा मुलगा. त्याचा हात धरून ठिपक्यावर दाबतेस ना? बंद कर. हात ओढला की तो आवळून घेणारच, त्याचे डोळेच ते आहेत. तुझा हात त्याच्या हाताखाली ठेव, तू ठिपका चाचप, त्याची बोटं तुझ्या बोटांवर असू देत, त्याला वाटलं की तो खाली उतरेल. वेळ लागतो. ठिपके तर लांबच, आधी राजमा आणि मटकी वेगळी करू दे, झाकणं फिरवू दे, कणीक मळू दे. अंड्याच्या ट्रेचे सहा कप्पे कापून घे आणि त्यात चेंडू ठेव, सहा जागा हाताला कळल्या की मग कागद. जेवणाआधी रोज तोच चमचा हातात, अंघोळीआधी तोच टॉवेलचा तुकडा, आणि ह्या वस्तू एका लांब खोक्यात ओळीने, म्हणजे दिवसात पुढे काय आहे ते तो स्वतः चाचपून बघेल. सेरेब्रल पाल्सी आहे म्हणतेस, मग आधी बसणं बघ, पाय टेकलेले हवेत, कोपर टेबलावर हवं, नाहीतर सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि बोटांना काही उरत नाही.

आणि समजा ब्रेल कधीच आलं नाही. तरी आधी बोटंच. त्याला चमचा म्हणजे जेवण हे कळलं आणि एक दिवस त्याने स्वतः चमचा उचलून तुझ्या हातात दिला तर ते त्याने तुला सांगितलेलं वाक्य आहे. ते रजिस्टरमध्ये लिही, तारीख घालून. प्रगती नाही असं लिहू नकोस, मला राग येतो.

को-ऑर्डिनेटरचं एवढ्यासाठी नको म्हणते की मी हेडबाई झाले तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि पुढची वर्षं ग्रँट, मस्टर, तपासणी ह्यात गेली. पगार वाढला, घर झालं, नाही म्हणत नाही. पण हात वर्गातून सुटला त्याची रुखरुख आहे, कधी कधी भाजी निवडताना बोटं उगाच ठिपके शोधतात. तू तिशीची पण नाहीस. खुर्ची नंतरही मिळते.

पुढच्या आठवड्यात त्याच्या आईला शाळेत बोलाव आणि तिला शेजारी बसवून दाखव, घरी पण तोच चमचा हवा. ब्रेलर जड जात असेल तर कळांवर जोर किती लागतो ते आधी बघ. आणि ट्रस्टींना टॅबला नाही म्हणू नकोस, त्यांना म्हण टॅबबरोबर ब्रेलचा जाड कागद वर्षभराचा आणा, तो नेहमी डिसेंबरमध्ये संपतो.

तुझी,
बाई