चाक मोठं करण्याआधी चातीकडे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सासरच्या माळ्यावर जुना पेटी चरखा (पेटीसारखा मिटणारा) सापडला, साफसूफ करून कातायला घेतला, पण सूत दर हात-दोन हातांवर तुटतं आणि तासभर बसूनही कुकडी, म्हणजे कातून गुंडाळलेल्या सुताची गुंडी, बोराएवढीच होते. घरातल्यांचं म्हणणं, मोठं चाक लावून वेग वाढवा, नाहीतर शिलाई मशीनची मोटर बसवा. यातलं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही करू नका, निदान आत्ता तरी. मी बावीस वर्षं कातते आहे आणि त्यातली पहिली चार-पाच वर्षं चरखा वेगवान करण्याच्या नादातच गेली. चाकं बदलली, बेअरिंगं बसवली, पुल्या घासल्या. तेव्हा हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थोडा हिशोब करू. मोठ्या चाकाला एक फेरा दिला की चाती (जिच्या टोकावर सुताला पीळ बसतो ती लोखंडी काडी) किती फेरे घेते, ते मोजा. चातीच्या पुलीवर खडूने ठिपका काढा, चाक अगदी सावकाश एक फेरा फिरवा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ठिपका मोजायला बसवा. पेटी चरख्यात मोठ्या चाकावरची माळ, म्हणजे चाकं फिरवणारी दोरी, दुसऱ्या चाकाच्या लहान पुलीवर जाते आणि दुसऱ्या चाकावरची माळ चातीवर. म्हणजे वेग दोनदा वाढतो. माझ्या चरख्यात हा आकडा ९०च्या आसपास येतो. तुमचाही ८० ते १००च्या मध्ये असेल, तर वेगाच्या बाबतीत चरख्यात काहीही खोट नाही.

अंक म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप, अंक जास्त तेवढं सूत बारीक. २० अंकाच्या सुताला इंचाला साधारण १८ पीळ लागतात. (ढोबळ सूत्र असं: अंकाचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला ४ने गुणायचं. १० अंकाला १३च्या आसपास.) तुम्ही एका वेळी २४ इंच तार काढत असाल तर ४३०च्या आसपास पीळ झाले. ९०चा चरखा असेल तर चाकाचे पाच फेरे. पाच फेरे आणि गुंडाळायला एखादा, असं मिळून सात सेकंद धरू. १०० मीटरला अशा १६७ तारा, म्हणजे वीस मिनिटांच्या जरा आत. तासाला ३०० मीटर सूत सहज निघायला हवं.

आता सूत तुटलं की काय होतं ते बघा. थांबायचं, कुकडीवरचं टोक शोधायचं, थोडं उलगडायचं, पेळूला (हातातल्या पिंजलेल्या कापसाच्या वळीला) सांधायचं. नवख्या हाताला वीस सेकंद लागतात. १०० मीटरमध्ये तीस वेळा तुटलं तर दहा मिनिटं सांध्यातच गेली. चाक मोठं करून तारेमागे दीड सेकंद वाचवलात तरी १०० मीटरला चार मिनिटंच वाचतील. शिवाय हाताला पेळूतून तंतू ओढायला जो वेळ लागतो तो तेवढाच राहतो. चाती त्याच्या पुढे धावली की पीळ थेट पेळूत शिरतो, तिथे गाठोडं होतं, आणि सूत तिथेच तुटतं. मोठ्या चाकाचा प्रयोग मी केला तेव्हा नेमकं हेच झालं.

म्हणून सुरुवात चातीपासून. मिनिटाला चाक ५० वेळा फिरवलंत तर चाती ४५०० वेळा फिरते, सेकंदाला ७५. तिचं टोक केसभर जरी वाकडं असलं तरी सुताला सेकंदाला ७५ हिसके बसतात. जुन्या पेटीतल्या चात्या हमखास वाकलेल्या असतात, कारण पेटी बंद करताना त्या कशातही दाबल्या जातात.

तपासायची पद्धत अशी. चाती जागेवर बसवा, मागे पांढरा कागद धरा आणि चाक हळूहळू फिरवा. टोक एका जागी स्थिर ठिपक्यासारखं दिसलं तर सरळ. धूसर, जाड दिसलं तर वाकडं. मग पेन्सिलचं टोक चातीच्या अगदी जवळ, पण न टेकवता धरा आणि चाती बोटाने फिरवा. जी बाजू बाहेर आलेली आहे तिथेच शिसं घासलं जाऊन खूण उमटते. अशी टोकाकडे, मध्ये आणि पुलीजवळ, तीन ठिकाणी खूण घ्या. चाती काढून सपाट लाकडावर ठेवा, खूण वरच्या बाजूला आणि खाली पोकळी राहील अशी, आणि लाकडी लाटण्याच्या टोकाने किंवा लहान लाकडी हातोडीने हलकेच टोका. लोखंडी हातोडी नको, तिने चातीला चपटे डाग पडतात. दोन ठोके झाले की परत बसवून बघायचं. घाई केलीत तर ती दुसऱ्या बाजूला वाकते. पहिल्यांदा माझी एक दुपार यात गेली, पण त्या संध्याकाळी सूत तुटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, त्याच पेळूंवर आणि त्याच हाताने.

टोक सुईसारखं अणकुचीदार लागत नाही. ते गुळगुळीत आणि किंचित गोलसर हवं, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला सूत त्यावरून अलगद घसरतं. गंज असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर चिमटीत धरून चाती फिरवा. मग कापसाच्या बोळ्याने पुसा आणि नखावरून टोक ओढून बघा. कुठे अडकलं तर तिथेच सूतही अडकणार.

चाती ज्या दोन आधारांत फिरते तेही बघा. चामड्याची पट्टी असेल तर ती सुकून कडक झालेली असते. दोन थेंब एरंडेल लावून रात्रभर ठेवा. दोऱ्याचे फास असतील तर सरळ नवीन करा. चाती आधारात सैल खडखडता कामा नये आणि आवळलेलीही नको. माळ काढून चातीला बोटाने फिरकी द्या, ती क्षणभर स्वतःच्या जोरावर फिरत राहिली पाहिजे. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण थेंबभर आणि ओघळणारा भाग पुसून. नाहीतर पहिलं सूतच काळं येतं.

बेअरिंगबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे कोणी तरी सुचवेलच. मोठ्या चाकाच्या आसाला बेअरिंग बसवलं तर हाताला थोडं हलकं वाटतं, तरी चाक मिनिटाला ५०च वेळा फिरतं, तिथे घर्षण फारसं खात नाही. चातीला बसवायचं तर मात्र बाजारातली रबराच्या झाकणाची बेअरिंगं उपयोगाची नाहीत. झाकण आणि आतलं ग्रीस मिळून एवढा अडथळा करतात की चामड्याचा आधार त्याहून हलका फिरतो. मी बसवली होती, दोन महिन्यांनी काढून टाकली.

यानंतर माळ. हिच्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोठी सुधारणा इथेच होते. बहुतेक जण हाताला लागेल ती सुतळी बांधतात आणि गाठ मारतात. ती गाठ चातीच्या छोट्या पुलीवर आली की टक्कन आवाज येतो, चाती क्षणभर अडखळते आणि सूत थरथरतं. डोळे मिटून ऐका, तुमच्या चरख्यातही तो टकटक आवाज येत असेल.

जाडीचा हिशोबही महत्त्वाचा आहे. समजा दुसरं चाक १५ सेंटीमीटरचं आणि चातीच्या पुलीची खाच ६ मिलिमीटरची. १ मिलिमीटर जाडीची माळ लावली तर तेवढ्या टप्प्यात वेग साडेएकवीस पट होतो. ३ मिलिमीटरची जाड दोरी लावली की तोच १७ पट, कारण पुली एवढी लहान असते की माळेची जाडी तिच्यातच मिळून ती मोठी झाल्यासारखी होते. नुसती दोरी बदलून पाचवा हिस्सा वेग गेला किंवा आला. चाक मोठं करायचा खर्च कशाला? हल्ली पारदर्शक रबरी दोरी मिळते, टोकं तापवून जोडता येते. मोठ्या खड्या चरख्याला ती छान चालते, पण पेटीतल्या छोट्या पुलीला जाड पडते.

माळ घरीच करा. स्वतः कातलेल्या सुताचे आठ-दहा पदर एकत्र घेऊन घट्ट पीळ द्या, मग मध्ये दुमडून उलटा पीळ पडू द्या. मेण आणि राळ एकत्र वितळवून कापडाच्या चिंधीने त्यावर चोळा. नुसतं मेण लावलं तर घसरते, नुसती राळ लावली तर चिकटते. मी दोन भाग मेण, एक भाग राळ घेते. जोडताना गाठ नको. दोन्ही टोकं बोटभर उसवून एकमेकांत विणा आणि सुईने चार बारीक टाके घाला. ताण एवढाच हवा, की चाती बोटांत घट्ट धरली तर माळ घसरावी आणि सोडली की लगेच फिरावी. पावसाळ्यात सुती माळ दमटपणाने आखडते, उन्हाळ्यात सैल पडते. म्हणून दोन माळा करून ठेवाव्यात.

उन्हाळ्यावरून आठवलं. आमच्या विदर्भात वैशाखातल्या दुपारी सूत कातूच नये. कापूस कोरडा पडून तंतू उडतात आणि सुताची ताकद कमी होते. कातायचंच असेल तर जवळ ओला पंचा वाळत टाका, फरक पाच मिनिटांत कळतो.

पेळू कसले वापरता ते तुम्ही लिहिलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत दाबून आलेले असतील तर कातण्याआधी तासभर सुपात मोकळे पसरून ठेवा, सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा मिनिटं. एक पेळू दोन्ही हातांत धरून हलकेच ओढून बघा. तंतू एकसारखे लांबत सुटले तर चांगला. गोळे गोळे होऊन तुटला तर त्यातून चांगलं सूत काढणं मलाही जमणार नाही. आणि पेळू चिमटीत दाबू नका. मला कातायला शिकवणारे वर्ध्याचे काका माझ्या तळहातात चिमणीचं पिल्लू आहे असं समजायला सांगायचे.

आता मोटर. चरख्यावर तार पूर्ण झाली की गुंडाळण्याआधी चाक थोडं उलट फिरवावं लागतं, चातीच्या टोकावरचे दोन-तीन वेढे सोडायला. मग सूत चातीला काटकोनात आणून गुंडाळायचं. कातताना मात्र सूत चातीच्या रेषेकडे कललेलं, अंदाजे ३०-४० अंशांत. हे उलट-सुलट उजव्या हाताला आपोआप कळतं, कारण चाकाचा जोर आणि डाव्या हातातला ताण दोन्ही एकाच अंगात असतात. शिलाई मशीनची मोटर हे करू शकत नाही. खांद्याचं दुखणं असेल तर पायाने चालणारा चरखा घ्या, तो वेगळा विषय.

चरख्याचा वेग वाढवायची ही ओढ फार जुनी आहे. गांधीजींच्या खादीच्या कामाची संस्था असलेल्या अखिल भारत चरखा संघाने १९२९मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. हाताने किंवा पायाने चालावा, झोपडीत मावावा, बाईला आठ तास न थकता चालवता यावा, १२ ते २० अंकाचं सूत निघावं, किंमत १५० रुपयांच्या आत असावी आणि तो वीस वर्षं टिकावा, अशा अटी होत्या. आपल्याकडे किर्लोस्करवाडीला काळे यांनी त्यासाठी एक यंत्र तयार केलं होतं. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. माझी समजूत अशी की चाती कितीही पळवता येते, पण पेळूतून हवे तेवढेच तंतू सोडण्याचं जे काम डाव्या हाताची बोटं करतात, ते यंत्राकडून करून घेणं अवघड होतं. पुढे १९४९च्या सुमारास तमिळनाडूतल्या एकंबरनाथन यांनी गिरणीसारखे रूळ वापरून ते साधलं, आणि त्यांच्याच नावावरून अंबर चरखा आला. पण रुळांना एकसारखी वात (कापसाची लांब, सैल दोरी) लागते, ती करायला वेगळी साधनं आली. घरात बसून मूठभर पेळू कातायचं जे सुख आहे त्याला तुमची पेटीच बरी. दोन चाकांची ही रचना गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना घडवली, म्हणून तिला येरवडा चरखाही म्हणतात. बंद केली की काखेत मावते, एवढं नेटकं यंत्र उगाच उसकटू नका.

सगळं नीट झाल्यावरही काही करावंसं वाटलं, तर माझा एक जमलेला प्रयोग सांगते. पेटीचं चाक फार हलकं असतं, हात थांबला की तेही थांबतं. मी मोठ्या चाकाच्या कडेने तांब्याची तार गुंडाळून १५० ग्रॅम वजन वाढवलं. फिरणं एकदम सुरळीत झालं, पण उलट फिरवताना जड जायला लागलं. म्हणून निम्मी तार काढली, ७५ ग्रॅम ठेवली. ती आजही आहे.

कुठपर्यंत आलात हे पडताळायला सूत वजनावर धरा. १०० मीटर सूत फाळक्यावर (सूत गुंडाळून मोजायच्या चौकटीवर) मोजून सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवा, आणि ५९ला त्या ग्रॅमने भागा. तीन ग्रॅम भरलं तर २० अंक, सहा भरलं तर १०. सुरुवातीला ८-१० अंकाचं जाड सूत कातलंत तरी उत्तम, त्याची आसनं, पंचे छान होतात. शेजारी वही ठेवून १०० मीटरला किती वेळा तुटलं तेवढा एकच आकडा लिहीत जा.

चातीचा समोरून, कागद मागे धरून फोटो टाका, आणि चाकाच्या एका फेऱ्याला चाती किती फिरली तो आकडा कळवा. पुलीची खाच बदलायची गरज आहे का, ते त्यावरून सांगेन.