किती काम उरलंय, हे इंग्रजीत विचारताना

हिंजवडीत नवीन लागलेल्या पोरांचं एक वाक्य मी लांबूनही ओळखतो: ‘हाउ मच वर्क इज पेंडिंग?’ आपल्या ऑफिसात चालून जातं. पण लंडनच्या कॉलवर ‘पेंडिंग’ म्हटलंस, तर काम कुणाच्या तरी मंजुरीसाठी अडलंय असं समोरच्याला वाटू शकतं. सरळ ‘हाउ मच इज लेफ्ट?’ म्हण. ‘वर्क’ लागतच नाही, विषय दोघांनाही ठाऊक असतो. नेमकं काय राहिलंय ते हवं असेल, तर ‘व्हॉट्स लेफ्ट टू डू?’. ‘हाउ मेनी वर्क्स’ मात्र चुकूनही नको; वर्क मोजत नाहीत, टास्क मोजतात.

खरी गोची सुराची. मी सुरुवातीला एकाला ‘हाउ मच टाइम यू विल टेक?’ विचारलं होतं. शब्दांची जागा चुकलीच, वर ‘अजून किती वेळ लावणार?’ असा खडूसपणा. तो गप्पच झाला. आता मी ‘हाउ फार अलाँग आर यू?’ म्हणतो. म्हणजे, कुठवर आलंय? उत्तर ‘ऑलमोस्ट देअर’ आलं तर सावध राहा. ते आपल्या ‘निघालोय, चांदणी चौकात आहे’सारखंच असतं.